सर्व्हरलेस साधनांच्या तक्त्यात नसलेले रकाने

सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हरची काळजी न करता कोडचे छोटे तुकडे, म्हणजे फंक्शन, चालवायची पद्धत. तिच्या ओपन सोर्स साधनांची तुलना करणारे तक्ते साधारण एकाच साच्यातून काढलेले असतात. डावीकडे नावं: ओपनव्हिस्क, ओपनफास, केनेटिव्ह, फिशन, न्यूक्लिओ, एफएन. वरच्या ओळीत रकाने: कोणकोणत्या भाषा चालतात, थंड पडलेलं फंक्शन जागं व्हायला (कोल्ड स्टार्ट) किती मिलिसेकंद लागतात, काम नसताना चालू प्रतींची संख्या शून्यावर उतरवता येते का, गिटहबवर तारे किती. मग चौकटींमध्ये बरोबरच्या खुणा आणि खाली एक विजेता. तक्ता खोटा नसतो. पण तो पाहून साधन निवडलेल्या टीमला दोन-तीन वर्षांनी ज्या गोष्टी छळतात, त्यांतली एकही त्या रकान्यांत सापडत नाही. तेव्हा ती टीम विचारत असते, की या साधनात शेवटची दुरुस्ती कधी झाली, परवाना मध्येच का बदलला आणि इथून बाहेर पडायचं तर किती महिने जातील.

माझं म्हणणं असं, की या साधनांची पहिली तुलना बाहेर पडण्याच्या खर्चावर व्हायला हवी. वेग, भाषा, सोय हे त्यानंतर.

असं का, हे कळायला या साधनांचा जन्म कशातून झाला ते पाहावं लागतं. अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये लॅम्डा जाहीर केलं. तुम्ही एक फंक्शन द्या, कोणती घटना घडली की ते चालवायचं ते सांगा. यंत्रं, ऑपरेटिंग सिस्टिम, वाढती-घटती गर्दी सगळं आम्ही बघू. पैसे कोड चालला तेवढ्याच वेळाचे. गूगल आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१६ मध्ये आपापल्या सेवा आणल्या. त्याच सुमारास एक धास्ती पसरली: कोड एकदा या सेवांसाठी लिहिला की तो त्या कंपनीच्या दावणीला बांधला जातो. त्या धास्तीवरचा उतारा म्हणून ओपन सोर्स साधनांची लाट आली. आयबीएमचं ओपनव्हिस्क फेब्रुवारी २०१६ मध्ये. अ‍ॅलेक्स एलिस यांनी सुरू केलेलं ओपनफास त्याच वर्षाच्या अखेरच्या काळात. मग प्लॅटफॉर्म नाइनचं फिशन, बिटनामीचं क्युबलेस, इग्वाझिओचं न्यूक्लिओ, ऑक्टोबर २०१७ मध्ये ओरॅकलचं एफएन, पिव्होटलचं रिफ, व्हीएमवेअरचं डिस्पॅच. आणि जुलै २०१८ मध्ये गूगलने आयबीएम, रेड हॅट, पिव्होटल, एसएपी यांना सोबत घेऊन आणलेलं केनेटिव्ह.

यांतलं क्युबलेस जरा थांबून पाहण्यासारखं आहे, कारण रचनेच्या दृष्टीने ते देखणं होतं. वेगळा डेटाबेस नाही, वेगळा एपीआय सर्व्हर नाही. कुबरनेटीस ही अनेक यंत्रांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर (कोड आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) चालवणारी व्यवस्था; इथे फंक्शन म्हणजे तिच्याच भाषेतला आणखी एक रिसोर्स, तिने सांभाळायची आणखी एक वस्तू. कुबरनेटीस येणाऱ्या माणसाला नवीन काही शिकायलाच नको. २०१९ मध्ये व्हीएमवेअरने बिटनामी विकत घेतली. क्युबलेस सोबत गेलं, पण ते काही त्या खरेदीचं कारण नव्हतं. पुढे व्हीएमवेअरने देखभाल थांबवल्याचं जाहीर केलं आणि रिपॉझिटरी दप्तरबंद झाली. रिफ आणि डिस्पॅचचंही तेच झालं. रचना चांगली असणं आणि साधन जगणं यांचा संबंध आपण मानतो त्यापेक्षा खूप कच्चा आहे.

यावर कोणी म्हणेल, कोड तर उघडाच आहे, परवाना कोणी काढून घेत नाही, मग अडलं कुठे? अडतं ते असं. ही बहुतेक साधनं कुबरनेटीसवर उभी आहेत आणि कुबरनेटीस थांबत नाही. वर्षाला तीन नव्या आवृत्त्या येतात आणि जुने एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी त्याच्याशी बोलायचे मार्ग, ठरल्याप्रमाणे काढले जातात. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या १.२२ आवृत्तीने कस्टम रिसोर्स डेफिनिशनचा, म्हणजे नवे रिसोर्स जोडायच्या सोयीचा, जुना बीटा एपीआय काढून टाकला. ज्या साधनांनी तोवर नवा एपीआय स्वीकारला नव्हता, ती त्या आवृत्तीवर चालेनाशी झाली. मग टीमपुढे दोनच वाटा उरतात: क्लस्टर जुन्या आवृत्तीवर गोठवून ठेवायचा आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर पाणी सोडायचं, किंवा दुसऱ्याने सोडून दिलेल्या साधनाची देखभाल आपल्या अंगावर घ्यायची. चार ओळींचं फंक्शन चालवायला आणलेल्या साधनाची.

म्हणून पहिला गायब रकाना असा हवा: हे साधन कोण जगवतंय, आणि का? ‘का’ अधिक महत्त्वाचा.

ओपनव्हिस्क घ्या. जुलै २०१९ पासून तो अपाचे फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प आहे. अ‍ॅडोबी आणि डिजिटलओशनने त्यावर आपल्या सेवा उभ्या केल्या. फाउंडेशनची मालकी ही चांगलीच गोष्ट. नाव आणि परवाना कोणा एका कंपनीला बळकावता येत नाही. पण फाउंडेशन हात पुरवत नाही. ज्या आयबीएमने ओपनव्हिस्क जन्माला घातलं, तिने त्यावर चालणारी स्वतःची फंक्शन सेवा २०२४ मध्ये बंद केली आणि ग्राहकांना कोड इंजिन या आपल्याच दुसऱ्या सेवेकडे वळवलं. ते केनेटिव्हवर आधारलेलं आहे. जन्मदात्यानेच घर बदललं, ही माहिती मला कोल्ड स्टार्टच्या मिलिसेकंदांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

आणि केनेटिव्ह? ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने सांगितलं, की नजीकच्या काळात हा प्रकल्प कोणत्याही फाउंडेशनकडे सोपवायचा विचार नाही. बरोबर काम करणाऱ्या कंपन्यांना ते अर्थातच आवडलं नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १.० आवृत्ती आली, त्याच सुमारास गूगलने भूमिका बदलली आणि मार्च २०२२ मध्ये प्रकल्प क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनमध्ये दाखल झाला. म्हणजे मधली दोन-अडीच वर्षं केनेटिव्ह निवडणारा प्रत्येकजण एका कंपनीच्या मर्जीवर उभा होता. तक्त्यात मात्र त्या काळातही ‘ओपन सोर्स: होय’ एवढंच छापलं जात होतं. आज हा प्रश्न सुटलेला आहे, आणि केनेटिव्हच्या बाजूने माझं मत झुकण्याचं ते एक मोठं कारण आहे.

परवान्याचं प्रकरण याहून नाजूक. सर्व्हरलेस फ्रेमवर्क हे नाव या तक्त्यांत नेहमी असतं. खरं तर ते तिथे शोभत नाही, कारण ते फंक्शन चालवत नाही. दुसऱ्याच्या क्लाउडवर नेऊन बसवतं. २०१५ मध्ये जॉज या नावाने ते सुरू झालं आणि लॅम्डा वापरणाऱ्या असंख्य टीमनी ते अंगवळणी पाडून घेतलं. २०२४ च्या चौथ्या आवृत्तीपासून, वर्षाला वीस लाख डॉलरपेक्षा अधिक उत्पन्न असलेल्या संस्थांना त्याचे पैसे मोजावे लागतात. तिसरी आवृत्ती जिवंत ठेवायला समाजातल्याच लोकांनी वेगळी शाखा काढली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, क्लाउडवरची यंत्रणा कोडमधून उभारणाऱ्या टेराफॉर्मचा परवाना बदलला होता आणि त्यातून ओपनटोफू ही त्याची मोकळी शाखा उभी राहिली होती. ज्या टीमने सर्व्हरलेस फ्रेमवर्क आणि टेराफॉर्म दोन्ही घेतले होते, तिचा वर्षभराचा काळ वकिलांशी बोलण्यात गेला असेल तर नवल नाही.

ओपनफासची वाट थोडी वेगळी. त्याची मोफत कम्युनिटी आवृत्ती आहे, पण व्यावसायिक वापरावर तिच्या अटी आहेत, आणि काम नसताना शून्यावर उतरण्याची सोय पैसे मोजून मिळणाऱ्या आवृत्तीत आहे. ज्या गोष्टीसाठी लोक सर्व्हरलेसकडे वळतात, नेमकी तीच. यावर समाजमाध्यमांत मधूनमधून चिडचिड होत असते. मला ती पटत नाही. एक छोटी कंपनी एखादं साधन वर्षानुवर्षं सांभाळते, कागदपत्रं लिहिते, सुरक्षेच्या दुरुस्त्या करते. तिच्या जिवावर मोठ्या कंपन्या फुकटात आपले धंदे चालवतात. मग तिने एक दिवस दर लावला की विश्वासघात झाला म्हणून ओरडा. छोट्या विक्रेत्याचा हिशोब निदान समोर मांडलेला असतो: त्याचं पोट या साधनावर आहे, म्हणून ते साधन चालू राहील. ज्या कंपनीचं पोट दुसऱ्याच धंद्यावर आहे आणि जिला हे साधन केवळ प्रतिस्पर्ध्याला अडवायला हवं होतं, तिच्यावर मी कमी विश्वास ठेवीन. डिस्पॅच आणि रिफ अशा कंपन्यांचीच अपत्यं होती. माझी तक्रार ओपनफासविषयी नाही, तक्त्यांविषयी आहे. ‘शून्यावर उतरतं’ या चौकटीत बरोबरची खूण करताना ‘कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या अटींवर’ हे लिहायचे कष्ट कोणी घेत नाही.

आता बाहेर पडण्याच्या खर्चाकडे. तो कोडमध्ये असतो असं गृहीत धरलं जातं आणि इथेच मोठी गल्लत होते.

एक अगदी नेहमीचं काम घेऊ. कोणीतरी फोटो चढवला की त्याच्या लहान प्रती तयार करायच्या. फंक्शन वीस-पंचवीस ओळींचं. लॅम्डावर त्याची सही, म्हणजे आत येणाऱ्या गोष्टींचा क्रम, ‘इव्हेंट, कॉन्टेक्स्ट’ अशी असते. न्यूक्लिओमध्ये नेमकी उलट, ‘कॉन्टेक्स्ट, इव्हेंट’. (दोघांनी एकमेकांशी बोलायचंच नाही असं ठरवल्यासारखं.) ओपनव्हिस्कमध्ये एक शब्दकोश आत येतो आणि एक शब्दकोश बाहेर जातो. हे बदलायला अर्धा तास पुरतो. पण फोटो चढल्याची बातमी फंक्शनपर्यंत कशी पोचते? लॅम्डावर ती साठवणुकीच्या सेवेकडून थेट येते, एका विशिष्ट आकाराच्या जेसन मजकुरात. फंक्शनला तो फोटो वाचायची परवानगी कोण देतं? त्या क्लाउडची ओळख-परवाना व्यवस्था. फंक्शन मध्येच कोसळलं तर? अशा, उत्तराची वाट न बघता पाठवलेल्या कामासाठी लॅम्डा आणखी दोनदा प्रयत्न करतं आणि मग सांगितलं असेल तर ते काम वेगळ्या रांगेत टाकतं. एकच घटना दोनदा आली तर दोन प्रती होऊ नयेत याची काळजी कोणाची? नोंदी कुठे जातात, धोक्याचा इशारा कोणाला? या प्रत्येक उत्तराला त्या क्लाउडची गाठ मारलेली असते. वीस ओळींचा कोड मोकळाच असतो. भोवतीच्या या व्यवस्थेत माणूस अडकतो.

आणि हीच व्यवस्था ओपन सोर्स साधनांत सर्वांत पातळ असते. एचटीटीपी कॉल आला की फंक्शन चालवा, हे सगळ्यांना उत्तम जमतं. अमुक साठवणुकीत फाइल आली, तमुक रांगेत निरोप पडला, डेटाबेसमधली ओळ बदलली, हे जोडायचं काम बहुतांशी तुमचं. म्हणजे लॅम्डा सोडून एखाद्या साधनावर गेलेल्या टीमने त्या साधनाच्या पद्धतीने ट्रिगर (कोणत्या घटनेला फंक्शन चालवायचं त्याचे नियम) लिहिले, मांडणीच्या त्याच्याच यामल फाइली रचल्या, त्याच्याच कमांडने कोड चढवायची सवय लावली, तर एका दावणीतून सुटून ती दुसऱ्या दावणीला गेली. आगीतून फुफाट्यात. फरक इतकाच, की पहिल्या मालकाकडे रात्रपाळीला माणसं होती.

या गाठी सोडवायचे प्रामाणिक प्रयत्नही झाले आहेत आणि त्यांची दखल तक्त्यांत क्वचितच असते. क्लाउडइव्हेंट्स हे त्यातलं एक. घटनेच्या पाकिटावर काय लिहायचं, म्हणजे ती कुठून आली, कोणत्या प्रकारची आहे, तिचा ओळखक्रमांक काय, याचं हे सर्वमान्य स्वरूप. १.० आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. पाकिटाच्या आतला मजकूर ते ठरवत नाही, त्यामुळे सगळे प्रश्न सुटत नाहीत; पण ओळखक्रमांक ठरलेल्या जागी असला की दोनदा आलेली घटना ओळखणं सोपं होतं आणि तेवढ्याने अर्धं दुखणं कमी होतं. केनेटिव्हचं घटना पोचवणारं अंग यावरच उभं आहे. दुसरं केडा, मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि रेड हॅटने आणलेलं. ते स्वतःला फंक्शन चालवणारं साधन म्हणवतच नाही. रांगेत किती निरोप पडलेत ते बघतं आणि तुमच्या नेहमीच्या कंटेनरची संख्या शून्यापासून वर-खाली करतं. बस. ज्यांना फंक्शन सेवा हवी आहे असं वाटतं, त्यांतल्या अनेकांचं काम एवढ्यावर भागतं, आणि केडा काढून टाकलं तरी त्यांचा कंटेनर जसाच्या तसा राहतो.

त्यामुळे बाहेर पडणं स्वस्त ठेवायचा मला दिसणारा उपाय फार नीरस आहे. फंक्शन म्हणजे एक साधा एचटीटीपी प्रोग्रॅम, एका कंटेनरमध्ये, दिलेल्या पोर्टवर ऐकणारा. कोणत्याही साधनाची खास लायब्ररी आत नाही. केनेटिव्ह हेच मागतं. गूगलचं क्लाउड रन हेच मागतं; किंबहुना त्याने केनेटिव्हचीच एपीआय उचलली आहे. ओपनफासमध्येही असा कंटेनर चालवता येतो. लॅम्डाने डिसेंबर २०२० पासून कंटेनर प्रतिमा, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो ती फाइल, स्वीकारायला सुरुवात केली आणि साधा वेब प्रोग्रॅम लॅम्डात चालवणारं एक छोटं जोडसाधन अ‍ॅमेझॉननेच ओपन सोर्स केलं आहे. ज्या साधनाला यापेक्षा जास्त हवं आहे, त्याने त्या जास्तीच्या बदल्यात काय दिलं ते सिद्ध करावं.

आता खर्च. स्वतःच्या क्लस्टरवर सर्व्हरलेस चालवण्याचं सगळ्यात लाडकं समर्थन म्हणजे पैशांची बचत, आणि मला तेच सगळ्यात पोकळ वाटतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये अझूरवरच्या फंक्शनांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८१ टक्के अ‍ॅप्लिकेशनांना सरासरी मिनिटाला एक किंवा त्याहून कमी वेळा बोलावलं जात होतं. ४५ टक्क्यांना तर तासाला एक किंवा त्याहून कमी वेळा. म्हणजे फंक्शन हा प्रकार मुळात बहुतेक वेळ झोपलेला असतो. क्लाउड कंपनीला ते परवडतं, कारण तुमचं फंक्शन झोपलेलं असताना त्याच यंत्रावर दुसऱ्या हजारोंची फंक्शन चालत असतात. रिकाम्या वेळेचा खर्च इतक्या लोकांत वाटला जातो, की लॅम्डा दहा लाख कॉलना वीस सेंट घेऊ शकतं, अधिक चाललेल्या वेळाचे.

तुमच्या क्लस्टरवर हे वाटून घ्यायला आहे कोण? फंक्शन शून्यावर उतरलं म्हणजे त्याचा कंटेनर गेला. खालचं यंत्र चालूच आहे आणि त्याचं भाडंही. यंत्रांची संख्या कमी झाली तरच बिल कमी होतं, आणि तीन-चार यंत्रांच्या क्लस्टरमध्ये कमी करायला फारसं काही नसतं. त्यात साधनाचा स्वतःचा संसार असतो. ओपनव्हिस्क पूर्ण रूपात उभारायचं तर एनजिनेक्स, कंट्रोलर, काफ्का, काउचडीबी आणि फंक्शन चालवणारे इन्व्होकर, एवढा लवाजमा. केनेटिव्हला अ‍ॅक्टिव्हेटर, ऑटोस्केलर, कंट्रोलर, वेबहुक, शिवाय वाहतूक वळवायला कुरिअर, कॉन्टूर किंवा इस्टिओ. आणि प्रत्येक फंक्शनच्या पॉडमध्ये, म्हणजे कुबरनेटीस एकत्र चालवतं त्या कंटेनरांच्या गटात, क्यू-प्रॉक्सी नावाचा एक पाहुणा. तासाला एकदा जागं होणाऱ्या फंक्शनसाठी ही मंडळी चोवीस तास जागी.

बचत होते ती वेगळ्या परिस्थितीत. क्लस्टर आधीच दुसऱ्या कामासाठी चालू आहे, त्यात जागा शिल्लक आहे, आणि क्लस्टर सांभाळणारी माणसं पगारावर आहेतच. किंवा जीपीयू महाग आहेत आणि अनेक टीमना ते आलटून पालटून हवेत. न्यूक्लिओने आपली जागा इथेच केली, विदा आणि मशीन लर्निंगच्या कामांत. किंवा माहिती बाहेर जाऊच द्यायची नाही, मग खर्चाचा प्रश्न दुय्यम होतो. यांतलं काहीच नसेल, तर ‘लॅम्डाचं बिल वाचवायला’ उभारलेला क्लस्टर त्या बिलाच्या कित्येक पट खातो, आणि त्यातला मोठा हिस्सा पगाराच्या रकान्यात लपतो म्हणून दिसत नाही.

एकाच कंटेनरने एका वेळी किती विनंत्या घ्यायच्या, हाही असाच न दिसणारा भाग. लॅम्डाची मूळ पद्धत एका वेळी एक. ओपनव्हिस्कही मुळात तसंच. केनेटिव्हमध्ये एक कंटेनर अनेक विनंत्या एकत्र घेऊ शकतो आणि मर्यादा तुम्ही ठरवता. वरवर हा तपशील वाटतो. पण फंक्शन बहुतेक वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत असेल, तर पाचशे एकाच वेळच्या विनंत्यांना पहिल्या पद्धतीत पाचशे कंटेनर लागतात, दुसरीत कदाचित दहा. आणि प्रत्येक कंटेनर डेटाबेसशी स्वतःचं कनेक्शन उघडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसची मुळातली मर्यादा शंभर कनेक्शनांची आहे. फंक्शन छान वाढतात, डेटाबेस मान टाकतो. उलट बाजूही आहे: एका वेळी एक या हमीवर विसंबून कोणी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये विनंतीची माहिती ठेवली असेल, तर दुसऱ्या पद्धतीत एकाची माहिती दुसऱ्याच्या उत्तरात जाऊ शकते. साधन बदलताना चाचण्या हिरव्या दाखवत असताना घसरायची ही ठरलेली जागा.

मग कोल्ड स्टार्ट. त्याची चर्चा जेवढी होते तेवढी त्याची लायकी नाही, पण आकड्यांमागची रचना समजून घेण्यासारखी आहे. फिशन काही मोकळे कंटेनर आधीच तापवून ठेवतं आणि कॉल आला की त्यात कोड भरतं, म्हणून ते शंभर मिलिसेकंदांच्या आसपासचा दावा करू शकतं. ओपनव्हिस्कही भाषेनुसार आधी जागवलेले कंटेनर बाळगतं. तिथे त्यांना स्टेम सेल म्हणतात. केनेटिव्हला पूर्ण पॉड उभा करावा लागतो, म्हणून सेकंद-दोन सेकंद सहज जातात, प्रतिमा मोठी असेल तर अधिक. पण तापवून ठेवलेले कंटेनर म्हणजे चालू असलेली मेमरीच. तो वेग विकत घेतलेला आहे. केनेटिव्हमध्येही किमान एक प्रत कायम जागी ठेवता येते आणि किंमत साधारण तीच पडते. तक्त्यात एकाला शंभर आणि दुसऱ्याला दोन हजार असं लिहिताना कोणी किती मेमरी राखून ठेवली होती, ते सांगितलेलं नसतं.

ज्या मुद्द्यावर तक्ते सर्वांत गप्प असतात, तो सुरक्षेचा. ही बहुतेक साधनं साध्या कंटेनरमध्ये फंक्शन चालवतात आणि एका यंत्रावरचे सगळे कंटेनर एकच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरतात. सगळा कोड आपल्याच टीमचा असेल तर ठीक. पण ‘कोणीही यावं, फंक्शन चढवावं’ अशी सेवा उघडायची असेल, तर कर्नलमधलं एक भगदाड म्हणजे सगळ्यांच्या घरात प्रवेश. अ‍ॅमेझॉनने लॅम्डासाठी फायरक्रॅकर लिहिलं ते यासाठीच: प्रत्येकाला स्वतःचं छोटं आभासी यंत्र, सुरू व्हायला साधारण १२५ मिलिसेकंद, वरखर्च पाच मेगाबाइटपेक्षा कमी मेमरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते ओपन सोर्स झालं. गूगलचं जीव्हायझर आणि काटा कंटेनर्स हेही याच प्रश्नावरचे पर्याय आहेत आणि कुबरनेटीसमध्ये रनटाइम क्लासच्या मार्गाने ते वापरता येतात. पण ते जोडायचं काम तुमचं, आणि साधनाच्या पहिल्या पानावरच्या पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात ते नसतं.

यावर सरळ प्रश्न येईल: मग लॅम्डाच घ्यावं, आणि ही साधनं सोडून द्यावी? अनेकांसाठी पहिल्या भागाचं उत्तर ‘हो’ आहे आणि ते म्हणताना मला संकोच वाटत नाही. दुसऱ्या भागाचं ‘नाही’. ओपन सोर्स साधनांचा फायदा ती न वापरणाऱ्यांनाही झालेला आहे. गूगलची विकाऊ सेवा एका उघड्या एपीआयवर चालते, घटनांच्या पाकिटाचं स्वरूप सर्वांनी मिळून ठरवलंय, कंटेनर हे चलन सगळीकडे स्वीकारलं जातं: या गोष्टी क्लाउड कंपन्यांच्या औदार्यातून आलेल्या नाहीत. बाहेर चालणारा पर्याय आहे, या जाणिवेतून आल्या. म्हणूनच सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थांनी निविदेत ‘ओपन सोर्स असावं’ एवढं लिहून समाधान मानू नये. तीच फंक्शन दुसऱ्या साधनावर चालवून दाखवा, कोणत्या फाइली बदलल्या ते दाखवा, ट्रिगर आणि परवानग्या धरून, अशी अट घालावी. क्युबलेसही ओपन सोर्सच होतं.

साधनांविषयी माझं मत आता सांगून टाकतो. कुबरनेटीस आधीच चालू आहे आणि ते सांभाळणारी माणसं आहेत, तर केनेटिव्ह. ते जड आहे, पण त्यावर लिहिलेलं काही वाया जात नाही. फक्त रांगेतली कामं उपसायची असतील तर केनेटिव्हही नको, केडा पुरे. एकच यंत्र आहे, कुबरनेटीस नको आहे, तर ओपनफासचाच धाकटा भाऊ फासडी बघावा. तो कंटेनर चालवणाऱ्या कंटेनरडीवर एकट्या यंत्रात चालतो. मात्र अटी आधी वाचाव्यात, आणि व्यावसायिक वापर असेल तर पैसे द्यावेत. फिशनचा तापवून ठेवण्याचा विचार हुशार आहे. मी ते तेव्हाच घेईन, जेव्हा मिलिसेकंदांमुळे खरोखर ग्राहक जात असतील. ओपनव्हिस्क नव्याने उभारायचं कारण मला आज सापडत नाही. ज्यांच्याकडे ते नीट चालू आहे त्यांनी घाईने काढूही नये. एफएन ओरॅकलच्या क्लाउडवर असणाऱ्यांना सोयीचं आहे, कारण तिथली फंक्शन सेवा त्यावरच बांधलेली आहे. इतरांनी त्यात पडायचं कारण नाही.

आणि चार जणांची टीम असेल, कुबरनेटीस नसेल, फंक्शन दहा-बारा असतील आणि माहिती बाहेर ठेवायला बंदी नसेल, तर एखाद्या क्लाउडची तयार सेवा घ्यावी. कोड साध्या एचटीटीपी कंटेनरमध्ये ठेवावा, घटना आत येताक्षणी क्लाउडइव्हेंट्सच्या रूपात वळवून घ्याव्या, परवानग्यांची यादी कोडशेजारीच ठेवावी. वर्षातून एकदा दोन दिवस काढून त्यांतलं एक फंक्शन, ट्रिगरसकट, दुसरीकडे चालवून बघावं. दोन दिवसांत झालं नाही, तर काय आडवं आलं ते लिहून ठेवावं आणि पुढच्या वर्षी तेच आधी काढावं.